नागाव, पोपटी आणि दोन जुन्या बोटी

गेटवेहून कॅटमरान सुटली, सीगल्सना शेव टाकायचा कार्यक्रम रंगात आला आणि माझ्या मैत्रिणीने लॅपटॉप उघडला. डिसेंबरातला शनिवार, सकाळचे साडेआठ. मी हातच जोडले. ‘‘बाई गं, वीकएण्ड आहे. बंद कर ते एक्सेल.’’

‘‘हे ऑफिसचं नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘हे माझं आहे.’’

शीटमध्ये दोनच कॉलम होते. एकावर लिहिलं होतं ‘लाकडी’, दुसऱ्यावर ‘फायबर’. खाली ओळी: लांबी, वय, शिडं, वेग, किंमत.

ही मैत्रीण बीकेसीतल्या एका बँकेत रिस्कचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांचे पैसे कुठे कुठे बुडू शकतात, हे शोधण्याचा तिला पगार मिळतो. गेली दोन वर्षं रविवार आला की ही मुंबईच्या बंदरात शिडाची बोट चालवायला शिकते. आता तिच्यासारख्याच आणखी तिघांबरोबर मिळून एक सेकंडहॅण्ड क्रूझिंग बोट घ्यायचं घाटतंय. क्रूझिंग म्हणजे रेसची बोट नव्हे. जिच्यात झोपता येतं, चहा टाकता येतो आणि मनात आणलं तर रत्नागिरी, गोवा, त्याच्याही पुढे जाता येतं अशी. दोन बोटी बघून झाल्यात. एक जुनी, लाकडी, जड, दोन डोलकाठ्यांची. दुसरी त्या मानाने तरुण, फायबरची, हलकी, एका डोलकाठीची. सोमवारी उत्तर द्यायचंय. तिच्या वाट्याची रक्कम म्हणजे ठाण्यातल्या वन बीएचकेसाठी साठवलेलं डाउन पेमेंट. आणि आईबाबांना यातलं काहीही माहीत नाही.

‘‘म्हणून नागाव?’’

‘‘म्हणून नागाव. घरी विचार करत बसले तर आई कपाळाला हात लावून ताप बघते.’’

वाडीतला रस्ता

मांडव्याला उतरून बसने अलिबाग आणि तिथून रिक्षाने आक्षीवरून नागाव. अलिबागपासून नऊएक किलोमीटर. तुम्ही काशिदला जाताना या रस्त्याने शंभरदा गेला असाल आणि एकदाही थांबला नसाल. नागावचा खरा फंडा समुद्र नाहीच, वाडी आहे. रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली की रिक्षा कुणाच्या तरी अंगणात शिरते. दोन्ही बाजूंना सुपारी, नारळ, त्यांच्या सावलीत केळी, मध्येच मिरवेल. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत एसी लावल्यासारखा गारवा. जुन्या वाड्यांमध्ये अजून विहिरी आहेत आणि त्यांच्या काठी एकेकाळच्या रहाटांच्या खुणा.

मात्र नीट बघितलंत तर या सावलीत भोकं दिसतात. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं आणि काही तासांत पिढ्यांनी लावलेल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड फळ धरायला काही वर्षं घेतं. म्हणूनच आज वाडीत उंच जुन्या झाडांच्या मधोमध कंबरेएवढी, डोक्याएवढी झाडं दिसतात. आमच्या होमस्टेच्या काकू म्हणाल्या, ‘‘वादळानंतर लोक म्हणायचे, आता प्लॉट पाडा आणि विका. आम्ही रोपं आणली.’’ आणि सोलकढी वाढायला आत गेल्या.

दुपारी बीचवर गेलो. नागावचा किनारा लांबलचक, सपाट, मागे सुरूची झाडं. दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. वीकएण्डला इथे बनाना बोट, जेट स्की, पॅरासेलिंग, घोडागाडी, सगळी जत्रा असते. गंमत म्हणजे एवढ्या गर्दीत पाण्याकडे बघणारे लोक खूप, पाण्यावर जाणारे बनाना बोटीपुरते आणि क्षितिजाकडे जाणारं कुणीच नाही. दुपारी खारा वारा सुटला तसा मैत्रिणीने डोळे बारीक केले. ‘‘दहाएक नॉट असेल. काय मस्त गेली असती बोट!’’

‘‘कुठली? लाकडी की फायबर?’’

यावर ती गप्प.

दुसरा टॅब

संध्याकाळी अंगणात पोपटी लागली. रायगडच्या थंडीत आलात आणि पोपटी खाल्ली नाहीत तर तुमची ट्रिप रद्द समजावी. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळ्याचा जाळ करायचा. ती शिजेपर्यंत अर्धा-पाऊण तास हातात असतो. त्या वेळात मैत्रिणीने शीटचा दुसरा टॅब उघडला. इथेही दोन कॉलम: ‘सुहैली’ आणि ‘म्हादई’.

‘‘माझ्या दोन बोटींना कुणी ओळखत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्यांच्या जातीच्या या दोन बोटींचं सगळं रेकॉर्ड आहे. एक मुंबईत बांधलेली, एक गोव्यात. दोघीही जगाला फेरी मारून आल्यात.’’

आता कबूल करते, मुंबईत बांधलेली बोट एकट्या माणसाला घेऊन जगाला फेरी मारून आली हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी, नागावात, वालाच्या शेंगांची वाट बघताना कळलं.

सुहैलीची गोष्ट अशी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण ब्रिटिश अधिकारी व्यापारी जहाजांवर काम करत होता. त्याने मुंबईत सागवानाची एक बोट बांधून घेतली. 32 फूट लांब, दोन डोलकाठ्या, दोन्ही टोकांना निमुळती. डिझाइन विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन डिझायनरचं, आणि तेसुद्धा तेव्हाच चाळीसएक वर्षं जुनं. त्याचं मूळ नॉर्वेच्या बचावबोटींमध्ये. मुंबईच्या सुतारांनी ती हाताच्या अवजारांनी घडवली. ही बोट घेऊन तो आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला पोहोचला.

1968मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर नवी, मोठी, वेगवान बोट हवी होती. पैसे जमले नाहीत. मग होती तीच सुहैली घेऊन तो 14 जून 1968ला इंग्लंडमधल्या फालमाउथहून निघाला आणि 22 एप्रिल 1969ला तिथेच परतला. 312 दिवस. नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारा हा एकटा. कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस.

म्हादई चाळीसएक वर्षांनी धाकटी. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी कल्पना लावून धरली की एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्याने जगप्रदक्षिणा करावी. नौदलाने ‘सागर परिक्रमा’ म्हणून ती उचलली. पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. ते शिकायला कुणाकडे गेले असतील? नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच. बोट बांधली गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने. मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव म्हादई, ते बोटीला मिळालं. डिझाइन डच, लांबी 56 फूट, डोलकाठी एकच पण सुमारे 25 मीटर उंच, म्हणजे आठ मजली बिल्डिंगएवढी. आत लाकडी पट्ट्या, वर फायबरग्लासचं कवच. फेब्रुवारी 2009मध्ये ती नौदलात आली.

दोंदे 19 ऑगस्ट 2009ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत 19 मे 2010ला परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून जग फिरलेले ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी याच बोटीतून 1 नोव्हेंबर 2012ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता 31 मार्च 2013ला मुंबईला परतले. 151 दिवस.

जॉगिंग आणि सायकल

‘‘म्हणजे फायबरवाली जिंकली,’’ मी म्हटलं. ‘‘312 विरुद्ध 151.’’

‘‘असं नाही बघायचं. निघायची ठिकाणं वेगळी, अंतरं वेगळी.’’ रिस्कवाली बाई जागी झाली. सुहैलीने सुमारे 30 हजार सागरी मैल कापले, म्हणजे दिवसाला साधारण 96. म्हादईने टॉमींबरोबर सुमारे 23 हजार, म्हणजे दिवसाला 150च्या वर. ताशी काढलं तर सुहैली 4 नॉट, म्हणजे साडेसात किलोमीटर. म्हादई सव्वासहा नॉट, म्हणजे साडेअकरा किलोमीटर. एक बाई जॉगिंग करतेय, दुसरी सायकलवर आहे. आणि हे अख्ख्या पृथ्वीभोवती!

यातला बराचसा फरक निव्वळ लांबीचा. पाणी कापत जाणारी बोट स्वतःची लाट तयार करते आणि त्या लाटेच्या पुढे तिला सहजी जाता येत नाही. ढोबळ नियम सोपा आहे: बोटीची पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34ने गुणा. सुहैलीची 28 फूट, म्हणजे कमाल वेग साधारण 7 नॉट. पाण्यात 50 फूट असलेल्या बोटीचा साडेनऊ.

दुसरा फरक पोटाखाली. सुहैलीची कील, म्हणजे खालचा कणा, जवळपास पूर्ण लांबीभर जातो आणि सुकाणू त्यालाच मागे जोडलेलं असतं. म्हादईची कील मधोमध खाली उतरलेल्या पंखासारखी. पंख असलेली बोट चपळ, झटकन वळते, वाऱ्याच्या दिशेने चढते. लांब कण्याची बोट वळायला आळशी, पण एकदा धरलेली दिशा सहसा सोडत नाही.

आणि हे कधी कामाला येतं? ऑस्ट्रेलियाजवळ सुहैलीचं आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडून गेलं. निम्मं जग शिल्लक होतं. रेडिओ त्याआधीच बंद पडलेला. नॉक्स-जॉन्स्टनने शिडं अशी जुळवली की बोट आपली आपण दिशा धरून चालेल आणि तो झोपायला गेला. त्याआधी अटलांटिकमध्ये बोटीत पाणी शिरायला लागलं होतं. कण्याजवळच्या फळ्यांची फट उघडली होती. हा पाण्यात उतरला, श्वास रोखून फटीत कापूस ठासला, वरून कॅनव्हासची पट्टी ठोकली, तिच्यावर तांब्याचा पत्रा मारला. मध्येच शार्क आला तर वर येऊन बंदूक घेतली, त्याला मारलं आणि पुन्हा खाली!

म्हादईसारख्या बोटीत फळ्यांची फट नाही, त्यामुळे तो प्रश्नच नाही. पण तिचे प्रश्न वेगळे. तिच्याच डिझाइनची धाकटी बहीण तारिणी 2017-18मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जग फिरून आली. शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि एप्रिल 2018मध्ये त्यांना ठरलेलं नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुईला जावं लागलं. दुरुस्ती झाली, बोट 21 मे 2018ला गोव्याला सुखरूप आली. मोठी बोट वेग देते, जागा देते. बदल्यात ती कधीमधी बंदर मागते.

पोपटीचं मडकं फुटलं. शेंगांचा तो धुरकट वास आला आणि पंधरा मिनिटं जहाज, कणा, वर्गमूळ सगळं बंद.

आणि मग थुरिया

हात धुऊन झाल्यावर मी निकाल दिला. ‘‘लाकडी घे. सुहैलीसारखी. हाताने दुरुस्त होते, दिशा सोडत नाही, ओल्ड इज गोल्ड.’’

‘‘थांब,’’ ती म्हणाली. तिसरा कॉलम होता. मघाशी तो लपवून ठेवला होता.

2018मध्ये त्या पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून ती पुन्हा भरवली गेली. नियम जुन्या काळाचे: लहान, लांब कण्याच्या जुन्या डिझाइनच्या बोटी, जीपीएस नाही, सूर्य-तारे बघून दिशा काढायची. अभिलाष टॉमी उतरले. त्यांच्यासाठी सुहैलीच्याच डिझाइनची बोट गोव्यात बांधली, म्हादई बांधणाऱ्या त्याच शिपयार्डने. नाव थुरिया. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या दोन्ही कॉलमांचं लग्नच म्हणा ना.

21 सप्टेंबर 2018ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया उलटीपालटी झाली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, हलताही येईना. तीन दिवसांनी मासेमारीवर गस्त घालणाऱ्या ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. बोट तशीच समुद्रावर राहिली.

तेच डिझाइन, जवळपास तोच मार्ग, आणि सुकाणूवर त्या वेळच्या नॉक्स-जॉन्स्टनपेक्षा जास्त अनुभव असलेला माणूस. सुहैली परत आली, थुरिया नाही. टॉमी मात्र पुन्हा उभे राहिले. 2022ला त्याच शर्यतीत रस्टलर 36 या जुन्या, लांब कण्याच्या पण फायबरच्या बोटीतून निघाले आणि 29 एप्रिल 2023ला दुसरे आले.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काही नाही. म्हणून तर झोप येत नाही.’’

वाडीत अंधार दाट होता आणि समुद्राचा आवाज झाडांमधून गाळून येत होता. मला वाटलं होतं हा प्रश्न बोटीचा आहे. पण ती बराच वेळ मोबाइलवर आईचा नंबर काढून, न लावता, परत ठेवत होती.

पावसाला कुठं?

रविवारी पहाटे मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, थंडगार. चालत चालत आक्षीच्या खाडीकडे गेलो. मासेमारीच्या बोटी परतत होत्या. सगळ्या इंजिनवर. एक वयस्क नाखवा काठावर जाळं विणत बसले होते. मैत्रिणीने धीर करून विचारलं, ‘‘काका, तुम्ही शिडाच्या बोटी चालवल्यात?’’

पोरवयात चालवल्या होत्या. वडिलांबरोबर. मग तिने त्यांना आपल्या दोन बोटी समजावून सांगितल्या, हातवारे करून. लाकडी अशी, फायबर तशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुई थांबली नाही.

‘‘बोट कंची पन घे गो बाय,’’ ते म्हणाले. ‘‘पन पावसाला वढशील कुठं? न् सोबत कोन हाय?’’

तिच्याकडे उत्तर नव्हतं. एक्सेलमध्ये ती ओळच नव्हती.

या किनाऱ्यावर बोटीचं निम्मं आयुष्य या प्रश्नात आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी ओढून काठावर घ्यायच्या, शाकारायच्या, तळ खरवडायचा, फटी भरायच्या, रंग द्यायचा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि पुन्हा पाण्यात. बोट ओढायला माणसं लागतात. गावात ती असतात, कारण तुम्ही त्यांची बोट ओढायला गेलेले असता. बीकेसीत ती कुठून आणायची?

परत येताना ती बोलत होती, मी ऐकत होते. सुहैलीचा कापूस नॉक्स-जॉन्स्टनला भरता आला, कारण ती बोट बांधली जात होती तेव्हा तो तिथे होता. दोंदे म्हादई बांधली जात असताना महिनोन् महिने दिवाडीच्या यार्डात होते. ‘‘मला माझ्या बोटीतली एकही फट माहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी फक्त वेग कंपेअर करत बसले.’’

दुपारच्या कॅटमरानवर तिने शीट उघडलं आणि सगळ्यात वर एक नवी ओळ टाकली: ‘पावसाळ्यात कुठे, कोणाबरोबर’. दोन्ही कॉलम रिकामे. मग तिने बाकीच्या तिघांना मेसेज केला की सोमवारी उत्तर देणार नाही. आधी चौघांनी मिळून या पावसाळ्यात दुसऱ्या कुणाची तरी बोट खरवडायची, रंगवायची, फटी भरायच्या. दिवाळीनंतरही चौघं एकमेकांशी बोलत असलो तर बोट घेऊ. कुठलीही.

दोघांनी लगेच थम्ब्स अप दिला. तिसऱ्याचा निळा टिक आला आणि उत्तर नाही.

‘‘बघ,’’ ती म्हणाली, ‘‘एक फट तर आत्ताच सापडली.’’

आणि गेटवे दिसायला लागल्यावर तिने आईला फोन लावला.

कसं जाल, काय कराल?

गेटवेहून मांडव्यापर्यंत फेरीने साधारण तासभर, पुढे बसने अलिबाग आणि रिक्षा किंवा एसटीने नागाव. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो आहे (मार्च 2020पासून). रस्त्याने जाणार असाल तर जानेवारी 2024ला सुरू झालेल्या अटल सेतूवरून पेणमार्गे या. पावसाळ्यात गेटवेच्या फेऱ्या बंद असतात, आधी चौकशी करा. पोपटी थंडीतच मिळते आणि होमस्टेला आदल्या दिवशी सांगावं लागतं. वेळ असेल तर आक्षीचा शिलालेख बघा. त्यावरचं साल शके 934, म्हणजे इसवी सन 1012, असं वाचलं जातं आणि मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांमध्ये तो धरला जातो. आणि रविवारी पहाटे एकदा खाडीवर जाच. जाताना एक्सेल शीट नेऊ नका.